सरकून बसा

जिजीच्या मते तिच्या चर्चमध्ये एक भारद्वाज होता, चार-दोन टिटव्या होत्या, नाताळापुरते उतरणारे पुष्कळ बगळे होते आणि उरलेले सगळे सातभाई. रविवारी उपासनेहून घरी आली की चपला काढता काढताच ती सांगायची, "आज भारद्वाज लई वेळ घुमला गं. टिटव्या मधूनच उठल्या अन् चहा ठेवून आल्या." मी तिच्या घरी नवीन होते. चर्चच्या आवारात मोठी झाडी असेल, असं मला वाटलं. पुढं कळलं, की भारद्वाज म्हणजे उपदेश करणारे पाळकसाहेब. त्यांचा आवाज सगळीकडं घुमायचा, पण काम निघालं की ते कुठल्या झुडपात शिरलेत याचा पत्ता लागायचा नाही. बगळे म्हणजे फक्त नाताळ आणि ईस्टरला पांढरेशुभ्र कपडे घालून येणारी माणसं. टिटव्या म्हणजे महिला मंडळातल्या बायका; कुणाच्या घरात खुट्ट झालं की माळभर ओरडणाऱ्या.

"पण टिटवीला हसू नकोस बरं," ती लगेच म्हणायची. "टिटवी अंडी उघड्या माळावर घालते. ना खोपा, ना आडोसा. गाय अंगावर आली तरी पंख पसरून आडवी उभी राहते. आमच्या मंडळीतल्या विधवांनी पोरं तशीच वाढवलीत. मीसुद्धा त्यांतलीच."

मंडळी हा तिचा शब्द. चर्चची माणसं म्हणजे मंडळी. चर्चची जुनी इमारत तिच्या लेखी नुसते दगड होते.

मी वैजापूरकडच्या एका वाडीतली. आमच्याकडं मेंढरं. घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिलीच. शाळेतल्या आमच्या बाई लहानपणी जिजीच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनीच जिजीच्या कानावर घातलं आणि बारावीनंतर आबा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन शहरात, पुंडलिकनगरातल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरी आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. आत जायला बिचकून ते उंबऱ्यातच टेकले. जिजी शिक्षिका म्हणून निवृत्त झाली होती, पण आवाज अजून वर्गात बोलल्यासारखा होता. "उंबऱ्यात कामून बसलात? आत या. शमू, सरक रे तिकडं. सरकून बसा सगळे." शमूदादा हा तिचा एकुलता एक मुलगा. तो गारखेड्यात राहायचा आणि त्या दिवशी सहज आला होता. तो सरकला. आबा दिवाणावर त्याच्या शेजारी अवघडून बसले.

भावकीतल्या लोकांनी आबांच्या मनात भीती घातली होती, की पोरगी ख्रिस्ती घरात ठेवू नका, बाटवतील. आबांनी आडून तोच विषय काढला. "जिजीबाई, पोरीजवळ आमच्या बिरोबाचा फोटो हाय. चालंल का?"

जिजीनं फळीकडं पाहिलं. तिच्या नवऱ्याचा फोटो, मेणबत्त्या, औषधांच्या बाटल्या अशी फळी भरलेली होती. ती मला म्हणाली, "औषधं जरा सरकव. त्यांनाही बसू दे."

इतकी वर्षं मी त्या घरात राहिले. चर्चला चल, असं तिनं मला एकदाही म्हटलं नाही. मी गेले ती माझ्या पायांनी, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा गेले ती तिथल्या जेवणासाठी. सुरुवातीला मी तिला 'अहो जिजी' म्हणायची. एक दिवस ती म्हणाली, "घरी आईला अहो म्हणतेस का?" त्या दिवसापासून ते सुटलं.

आबा यायचे तेव्हा जिजी त्यांना सोडायची नाही. तिनं जन्मभर मुलांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट शिकवली होती, पण खरा मेंढपाळ घरात पहिल्यांदाच आला होता. तिनं गोष्ट सांगितली, की एका मेंढपाळाची शंभर मेंढरं होती, एक हरवलं, तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला. मग उत्सुकतेनं विचारलं, "तुम्ही जाल का आबा?"

आबा विचारात पडले. "नव्याण्णव कुनाच्या भरवशावर सोडली त्यानं?"

"देवाच्या."

"कुत्रं नव्हतं व्हय त्याच्याजवळ?"

"कुत्र्याचं काही लिहिलेलं नाही."

"मंग येडा हाय त्यो," आबा म्हणाले. "लांडगं काय उपाशी बसत्यात?"

जिजी इतकी हसली, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढच्याच रविवारी ती गोष्ट तिनं भर चर्चमध्ये सांगितली. आबा पुढच्या खेपेला आले तेव्हा तिथली दोन माणसं खास त्यांना बघायला घरी आली होती. आबा लाजले, पण खूश होते.

तिच्या अंगणात एक ठेंगणं, दाट आंब्याचं झाड होतं. दिवस मावळायला आला की त्यावर सातभाईंचा थवा उतरायचा. मातकट रंगाची, विस्कटलेल्या पिसांची, नुसती कलकल करणारी ती पाखरं. आमच्या रानात त्यांना कुणी विचारत नाही. पण जिजी खुर्ची ओढून दारात बसायची आणि मला हाक मारायची, "ये गं, मंडळी आली." ते आधी भांडायचे. चोची मारायचे, एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. मग एकेक करत एकाच आडव्या फांदीवर ओळीनं, अंगाला अंग चिकटवून बसायचे. उशिरा आलेला कडेला बसायचा नाही. तो मध्येच घुसायचा. बाकीचे ओरडत ओरडत सरकायचे, पण सरकायचे.

"हेच," जिजी म्हणायची. "हेच मी पोरांना शिकवत आले. चर्च म्हणजे काय, तर हे. भांडा रे, पोटभर भांडा. पण झोपायला एका फांदीवर या."

चर्चमध्ये ती दाराजवळच्या बाकावर बसायची, ती यासाठीच. उशिरा आलेलं माणूस ओशाळून मागं उभं राहिलं, की पाळकसाहेबांची प्रार्थना चालू असली तरी तिचा आवाज यायचा, "सरका. सरकून बसा." डोळे मिटलेली सगळी ओळ मिटल्या डोळ्यांनीच सरकायची. कापणीच्या सणाला आवारात प्रीतिभोजन असायचं. लहान-मोठे, साहेब-शिपाई सगळे एका पंगतीत. तेव्हाही ती वाढायची नाही. पंगतीतून फिरत जागा करायची. अशाच एका पंगतीत तिनं मला बसवलं. एका बाईंनी विचारलं, "ही कुणाची?" जिजी म्हणाली, "पावशाचं पिल्लू. पावशा अंडं घालतो सातभाईच्या घरट्यात. सातभाई मोठं करतात, आपलंच म्हणून. वाढ तिला." माझ्या पानात एक पुरी जास्त पडली.

शमूदादाला ती सुगरणीचा नर म्हणायची. तो पक्षी विहिरीवरच्या फांदीला अर्धा खोपा विणतो, मन भरलं नाही की तो तसाच लटकत ठेवून दुसरा विणायला घेतो. शमूदादाचं सगळं तसंच होतं. तरुण संघ काढला, सोडला. भजनाचा गट काढला, सोडला. ती हे हसत सांगायची. हेच एक दिवस तिच्या जिवावर उठेल, हे तिलाही माहीत नव्हतं.

माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष असताना पाळकसाहेबांच्या बदलीवरून मंडळीत वाद झाला. काहींना ते जावेत असं वाटत होतं, काहींना राहावेत. कोण बरोबर होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. आधी बैठका झाल्या, मग आरडाओरडा झाला, मग चर्चच्या दाराला दोन कुलपं लागली. शेवटी निम्मी माणसं जुन्या पाळकसाहेबांना घेऊन बाहेर पडली. गारखेड्यात एक हॉल घेऊन त्यांनी वेगळी उपासना सुरू केली. त्यांच्या पुढं होता शमूदादा.

जिजीनं मुलाला एवढंच विचारलं, "दुसरा खोपा घेतलास ना विणायला?"

"जिजी, हे पाखरांचं नाही. तत्त्वाचं आहे," तो म्हणाला.

त्यानंतर ती दोन्हीकडं जायला लागली. सकाळी दगडी चर्चमध्ये, तिथून रिक्षानं गारखेड्याच्या हॉलमध्ये. दोन्हीकडं दाराजवळ बसायची. पण आता सरकायला सांगावं लागत नव्हतं. दोन्हीकडं बाक रिकामे होते आणि माणसं आपापल्या जुन्या अंतरावर, न आलेल्यांची जागा सोडून बसलेली होती. मधे मोकळ्या जागा. काही महिन्यांनी दोन्ही बाजूंना तिचं येणं खुपू लागलं. चर्चच्या पायरीवर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिला हटकलं. मी तिच्या शेजारीच होते.

"जिजी, दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहता येत नाही."

"माझा एकच दगड होता रे," ती म्हणाली. "तुम्ही फोडला."

त्याच सुमारास आबा आले. तिनं त्यांना विचारलं, कळप फुटला तर तुम्ही काय करता. या वेळी ती हसत नव्हती. आबांच्या लक्षात आलं असावं, की ही गोष्ट मेंढरांची नाही. ते सावकाश बोलले. "फुटल्याला कळप हाकून येक व्हत नाय, जिजीबाई. मागं लागलं की आनखीन पांगतो. धनगरानं येका जागी उभं ऱ्हायाचं अन् हाळी द्यायची. वळखीचा आवाज आला, की सांजंपतोर येत्यात. माय हिकडं अन् कोकरू तिकडं असलं, तर आधी कोकरू येतं."

जिजीनं हे मनावर घेतलं. कापणीचा सण दोन ठिकाणी, वेगवेगळ्या पंगतींत होऊन गेला होता. तिनं पुढच्या रविवारी आपल्या अंगणात प्रीतिभोजन ठेवलं. पायांत गोळे येईपर्यंत ती घरोघर गेली. मी सोबत होते. दगडी चर्चच्या घरांत ती सांगायची, "हॉलवाले येणार आहेत, तुम्हीही या." हॉलच्या घरांत सांगायची, "चर्चमधले येणार आहेत, तुम्हीही या." एकमेकांना भेटायची ओढ असेल, नुसतं निमित्त हवं असेल, अशी तिची समजूत. सगळे तोंडभर 'हो जिजी' म्हणाले.

आबांनी एक बकरं आणून दिलं. आईनं घरून ज्वारीचं पीठ पाठवलं. शेजारच्या बायका भाकऱ्या थापायला आल्या. अंगणात आंब्याखाली सतरंज्या अंथरल्या. जिजीनं इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. मी म्हटलं, "जिजी, आज तू बगळा." ती हसली. मी पाहिलेलं तिचं ते शेवटचं मनमोकळं हसू.

दुपार झाली. कुणी आलं नाही. मग चर्चमधले दोघं फाटकापर्यंत आले. आत न येता त्यांनी विचारलं, "ते आले का?"

"येतील. तुम्ही बसा तर," जिजी म्हणाली.

"नाही, मग आम्ही नंतर येतो." ते गेले.

थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाला शमूदादाची स्कूटर दिसली. पुढं त्याची चिमुरडी मुलगी, रूथ, उभी होती. त्यानं तिथूनच अंगणाकडं पाहिलं. रूथनं हात हलवून जोरात हाक मारली, "जिजी!" जिजी खुर्चीतून उठली. तेवढ्यात स्कूटर वळली.

आणखीही काही माणसं गल्लीच्या टोकापर्यंत येऊन गेली, असं नंतर शेजारच्यांनी सांगितलं. प्रत्येकानं फक्त समोरचे आलेत का, एवढंच पाहिलं. समोरचे येणार, हे जिजीनं त्यांना ओढ लागावी म्हणून सांगितलं होतं; नेमकं तेच ऐकून हे आले नव्हते.

ऊन उतरलं. रश्श्यावर तवंग धरला. आबा ओट्यावर मान खाली घालून बसले होते. हाळीची गोष्ट त्यांनीच सांगितली होती ना. ते म्हणाले, "जिजीबाई, मेंढरं असती तर आली असती."

जिजीनं मला पातेली उचलायला लावली आणि गल्लीतल्या मटण खाणाऱ्या घरांत सगळं वाटून टाकलं. सतरंज्या मात्र तिनं कुणाला उचलू दिल्या नाहीत. दिवस मावळताना सातभाई आले. खाली एवढं अंथरलेलं पाहून नेहमीपेक्षा जास्त ओरडले आणि मग एका फांदीवर चिकटून बसले. तिचा जीव रमावा म्हणून मी म्हटलं, "जिजी, मंडळी आली बघ."

"पाखरं आहेत ती," ती म्हणाली. "पाखरंच म्हण."

त्यानंतर तिनं कुणाला कुठल्या पाखराचं नाव दिलं नाही. चर्चला जाणं थांबवलं. हॉललाही. रविवारी सकाळी ती आवरून, साडी नेसून, दारातल्या खुर्चीत बसायची आणि दुपारी उठायची. अंगणातल्या मातीच्या परळात पाखरांसाठी पाणी ती रोज भरायची, ते माझ्याकडं आलं. तिच्या तब्येतीला काय झालंय, हे डॉक्टरांना नीटसं सांगता येत नव्हतं. मला माहीत होतं, पण ते औषधाच्या दुकानात मिळण्यासारखं नव्हतं. शमूदादा यायचा, फळं ठेवायचा, तब्येत विचारायचा. दोघं मायलेक हवापाण्याचं बोलायचे. रूथला मात्र तो आणायचा नाही. ती आली की जिजीला रडू येतं, असं तो म्हणायचा.

माझं बी.एड. झालं आणि वैजापूरजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. निघताना फळीवरून बिरोबाचा फोटो काढायला गेले, तर मागची भिंत तेवढीच पांढरी राहिलेली. मी म्हटलं, "जिजी, खाल्लं, राहिले, शिकले आणि चालले. पावशाच्या पिल्लासारखी." पाखराचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही, हे मी विसरूनच गेले होते.

पण ती रागावली नाही. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "उडून जाण्यात वाईट नाही गं. ते आपलं नव्हतं, हे सातभाईंना कुठं ठाऊक असतं?"

पुढच्या पावसाळ्याच्या आधी शमूदादाचा फोन आला. "जिजी गेली. झोपेतच."

आबा आणि मी पहिल्या बसनं निघालो. नवऱ्याशेजारची जागा तिच्यासाठी राखलेली होती, त्यामुळं निदान दफनभूमी कोणती, यावर वाद झाला नाही. बाकी सगळं दोन होतं. दोन पाळक, दोन प्रार्थना. कबरीच्या एका बाजूला चर्चची माणसं, दुसऱ्या बाजूला हॉलची. कडुलिंबाचं एकच झाड होतं. त्याच्या सावलीत चर्चवाले आधी येऊन उभे राहिले होते, म्हणून हॉलवाले उन्हात उभे होते. सावलीत जागा होती. बरीच होती.

पेटी खाली सोडताना तिचं आवडतं भजन म्हणायचं ठरलं होतं. दोन्ही बाजूंनी तेच ठरवलं होतं. चर्चमध्ये ते जुन्या चालीवर म्हणतात, हॉलमध्ये त्यांनी नवी चाल बसवली होती. दोघांनी एकदमच सुरू केलं. समोरचे थांबतील, असं दोघांनाही वाटलं. कुणीच थांबलं नाही. तेच शब्द दोन चालींत एकमेकांवर आदळत राहिले आणि जिजी खाली जात राहिली. मी कान झाकून घेतले. मला वाटलं, आता कुठूनतरी तिचा आवाज येईल.

भजन संपलं, तसे सावलीतले लोक खाली टेकले. ऊन फार होतं. आबांना यातलं काही कळलं नव्हतं, निदान मला तसं वाटलं. ते पटक्यानं घाम पुसत सावलीतल्या लोकांना म्हणाले, "सरका की जरा, पाव्हनं. समद्यास्नी बसता येतंय. ती मानसं उन्हात कामून उभी हायती? सरकून बसा."

सगळ्या माना आबांकडं वळल्या. चर्चच्या बाजूची एक म्हातारी, टिटव्यांपैकीच एक, थोडी सरकली. मग तिच्या शेजारचे सरकले. झाडाखाली, मधोमध, एक जागा झाली.

उन्हातून रूथ निघाली. कबरीला वळसा घालून ती सरळ त्या जागेकडं चालत आली. तिथं पोचली, खाली बसू लागली.

"रूथ!" शमूदादानं हाक मारली. फार मोठ्यानं नाही. "इकडं ये."

ती थांबली. तिनं म्हातारीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. फ्रॉकला लागलेली माती झटकली आणि परत गेली. लोकांनी मूठमाती दिली, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. ती जागा तशीच राहिली. तिथं शेवटपर्यंत कुणी बसलं नाही. सरकलेली माणसं मात्र परत मागं सरकली नाहीत. पण ते का, हे मला सांगता येणार नाही. कदाचित त्यांच्या लक्षातच राहिलं नसेल.

परतीच्या बसमध्ये आबा खिडकीशी बसले होते. मी रडत होते. ते म्हणाले, "कोकरू माघारी गेलं."

मी मान हलवली.

"पर उठलं व्हतं," ते म्हणाले, आणि पुढच्या थांब्यावर चढलेल्या बाईसाठी सरकून बसले.